उरलेले अर्धे

सवलतीची कूपनं काढून फोटोग्राफरला दुकान वाचवायचं होतं. दुकान वाचलं, की ते मुलीच्या हाती सोपवून आपण दारात खुर्ची टाकून बसायचं, एवढा साधा त्याचा हिशेब होता. मोबाईल आल्यापासून स्टुडिओत गिऱ्हाइकांपेक्षा पाली जास्त येत होत्या.

कूपनं मेहुण्याने छापून दिली. त्याचा छापखाना होता, आणि उधारी मागताना तो नातं बघत नसे. घरातल्या ज्येष्ठांसह सहकुटुंब फोटो, अर्ध्या किमतीत, हे वाचून तो म्हणाला, "भाऊजी, अर्ध्यात तुमचं लाईटबिल तरी निघेल का?"

"उरलेले अर्धे नंतर येतात," फोटोग्राफर म्हणाला.

कूपनं वाटली आणि माणसं आली. मागच्या खोल्यांमधले आजोबा-आज्या धुऊनपुसून, नवे कपडे घालून, दोन्ही बाजूंनी धरून स्टुडिओत आणले जाऊ लागले. घरचे त्यांना हौसेने मधे बसवत. फोटोग्राफर कॅमेऱ्यातून बघे आणि दरवेळी तेच म्हणे, "तिथे उजेड नीट येत नाही. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसा." मग शेजारची खुर्ची हळूच वीतभर सरकवी.

मुलगी त्याच्याच हाताखाली कॅमेरा शिकली होती. उजेड तर मधेच चांगला येतो, हे तिला दिसत होतं. एकदा जेवताना तिने विचारलंच. मेहुणाही त्या दिवशी पानावर होता.

"मधे बसवलं, की पुढे एकट्याचा कापून मोठा करताना सुनेचा कान येतो," फोटोग्राफर म्हणाला. एका घरात आजोबा कितीतरी वर्षं खांद्यावर कुणाचं तरी कानातलं घेऊन भिंतीवर होते, हेही त्याने सांगितलं. मेहुण्याला ठसका लागला. बायको तोंडाला पदर लावून हसली.

मुलगी हसली नाही. "बाबा, समोर जिवंत माणसं बसलेली असतात."

"म्हणूनच अर्ध्या किमतीत."

लवकरच बँकेतला एक कॅशियर परत आला. कूपन असूनही फोटोच्या वेळी त्याने घासाघीस केली होती. आता डोळे सुजलेले होते, आणि आईचा एकटीचा फोटो हवा होता, आजच. सगळ्यात मोठा आकार, जाड फ्रेम, तातडीचा दर. त्याने भाव विचारला नाही. उलट फोटोग्राफरचा हात दोन्ही हातांत धरून म्हणाला, की तुम्ही तेव्हा तिला कडेला बसवलंत म्हणून इतका छान निघाला.

तो गेल्यावर फोटोग्राफर मुलीला म्हणाला, "आले बघ उरलेले."

मग असे बरेच आले. दुकानाला नवा रंग लागला. धावपळीत फोटोग्राफर बारीक झाला, पट्ट्याला नवी भोकं पाडावी लागली. खाल्लेलं पोटात ठरेना तेव्हा मुलीने हट्टाने तपासण्या करायला लावल्या. रिपोर्टच्या दिवशी स्टुडिओत दोन कुटुंबं खोळंबली होती, म्हणून एकटी तीच गेली. उशिरा परतली. डोळ्यात कचरा गेला म्हणाली.

"पित्त आहे," तिने सांगितलं. "पथ्य काही नाही. हवं ते खाऊ द्या म्हणालेत."

फोटोग्राफरला आयुष्यात प्रथमच एखादा डॉक्टर आवडला.

दिवसच चांगले आले होते. बायकोने कित्येक वर्षांनी त्याच्या चहात पुन्हा साखर घातली. मेहुण्याने छपाईची बाकी मागणं सोडलं, शिवाय येताना फळं आणू लागला. धंदा चालला की माणसं कशी गोड होतात, याची फोटोग्राफरला गंमत वाटे.

एके दिवशी मुलीने काउंटरवर एक कूपन ठेवलं. "मुदत संपत आली. आपलाही एक काढू."

"आपल्यात ज्येष्ठ कोण?"

"तुम्हीच की."

तो खूप हसला. रविवारी सगळे जमले. मेहुणा इस्त्रीचा शर्ट घालून आला. फोटोग्राफरने गमतीने त्याच्यापुढे हात केला, "अर्धे टाका." कधी दमडी न सोडणाऱ्या मेहुण्याने खाली बघत पैसे काढून दिले.

सवयीने फोटोग्राफर कॅमेऱ्याकडे निघाला, पण तिथे मुलगी आधीच उभी होती. तिने टायमर लावून पळत येते म्हटलं. मग तो घरचा कर्ता म्हणून ऐटीत मधल्या खुर्चीवर बसला, शेजारी बायको, पलीकडे मेहुणा.

मुलगी बराच वेळ कॅमेऱ्यातून बघत राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "तिथे उजेड नीट येत नाही. तुम्ही कडेच्या खुर्चीवर बसा."

तो उठून कडेला बसला. आणि बायकोने, कोणी न सांगता, आपली खुर्ची वीतभर बाजूला सरकवली.