भूपेश फोटो स्टुडिओ, कन्हान

भूपेशमामांनी कॅमेऱ्याचा पडदा पाहिला आणि भाचीसाठी आणलेला चहा गच्चीच्या कठड्यावर ठेवला.

"प्रणाली, काय करून राहिली वं? एक फोटो धड नाही. सगळे तारे बोरांएवढे सुजले."

"मुद्दाम, मामा. फोकस सोडलाय."

"मुद्दाम?" मामांचं आयुष्य लग्नाचे फोटो काढण्यात गेलं होतं. "असा फोटो मंडपात दाखवला तर लोकं मले जेवू नाही घालणार."

"तारा एका ठिपक्यात आला तर ठिपका भरून वाहतो. मग प्रकाश मोजता येत नाही. पसरवला की येतो."

मामा थबकले. "म्हणजे नवरीच्या तोंडावर जवळून फ्लॅश मारला की चेहरा जळते. नाक नाही, डोळे नाही. तसं?"

"अगदी तसंच!"

"अन् ओढणी काहून धरली?"

"बोर्डाचा उजेड येतो." रस्त्याच्या बाजूला स्टुडिओचा लाल बोर्ड पेटलेला होता. त्याची लाली गच्चीपर्यंत चढत होती.

"बोर्ड तर नाही होणार बंद. लग्नसराई आहे. लोकं समजतीन, फोटोग्राफर मेला."

तिने ओढणी दुसऱ्या हातात घेतली. "तो अल्गोल. खरं तर दोन तारे आहेत. अंधूक तारा उजळ ताऱ्यासमोर येतोय. नऊच्या सुमारास उजेड एक तृतीयांश होईल, मग पुन्हा वाढेल. शेजारच्या ताऱ्याशी ताडून मी किती उतरला ते काढते. जगभर माझ्यासारखे हौशी लोक हे मोजून पाठवतात. माझं पहिलंच आहे."

"मंग कोपऱ्यात स्टुडिओचं नाव टाकजो."

"फोटो कोणी पाहत नाही, मामा. फक्त आकडे जातात."

"नाव नाही?" मामा हसले. मग घड्याळ पाहिलं. "मले निघा लागते. कामठीले हळद आहे, कॅमेरा लागन."

प्रणालीने वर पाहिलं. ताऱ्याचा उजेड आत्ता कुठे उतरायला लागला होता. मध्येच थांबलं तर तळ सापडणार नव्हता, आणि संध्याकाळच्या वेळी असा योग पुन्हा यायला काही आठवडे लागले असते.

"घ्या मामा. काम आधी." तिने स्टँडचा स्क्रू सैल करायला हात पुढे केला.

मामांनी तिचा हात बाजूला सारला. "राहू दे. हळदीत नवरी अशीही ओळखू येत नाही. जुना कॅमेरा नेतो."

जाता जाता त्यांची बोटं सवयीने लेन्सवरच्या फोकसच्या कड्याकडे गेली. त्यांनी हात खिशात घातला आणि जिना उतरले.

खाली स्कूटर सुरू झाली. थोडी पुढे जाऊन थांबली. स्टुडिओचं शटर वर गेल्याचा आवाज आला, आणि कठड्यावरची लाली एकदम नाहीशी झाली.

प्रणालीने अवघडलेला हात खाली घेतला. ओढणी खांद्यावर टाकली. चहा गार झाला होता. तिने तो शेवटच्या घोटापर्यंत प्यायला.

समोरच्या पानठेल्यावरून कोणी तरी ओरडलं, "भूपेशभाऊ, लाइन गेली का गा?"

"नाही गा," अंधारातून मामांचा आवाज आला. "वरतं फोटो चालू आहे."