नव्या नाकाला भोक

गोजाबाई चाकणच्या बाजारात लक्ष्मणराव सोनाराच्या पुढ्यात मांडी घालून बसली, पदर मागे सारला आणि म्हणाली, "टोचा."

लक्ष्मणरावांनी आधी तिच्या नाकाकडे पाहिलं, मग तिच्या सासूकडे. सुभद्राबाई धाकट्या लेकाच्या लग्नाची जोडवी घ्यायला आल्या होत्या. थोरल्या सुनेच्या नाकाचं काम उद्या पुण्याच्या दवाखान्यात व्हायचं होतं.

हे नाक तसं दुसरंच. पहिलं बैलाच्या शिंगानं नेलं, तेव्हा डॉक्टरांनी कपाळाचं कातडं वळवून हे बसवलं. पहिलं वर्षभर ते भज्यासारखं फुगलेलं होतं. सगळे म्हणाले, सूज उतरू दे. सूज उतरली, तसा शेंडा खाली लोंबला आणि नाक डावीकडे कललं. डॉक्टर म्हणाले, बरगडीचा तुकडा घालून पुन्हा उभं करता येईल, पण श्वास नीट चालतोय, तेव्हा करायचं की नाही ते बाईंनी ठरवावं. मग मोशीच्या घरी सासूनं ठरवलं, नवऱ्यानं ठरवलं, शेजारच्या अंबुबाईनंही ठरवून टाकलं. बाई तेवढी ठरवायची राहिली.

नवऱ्याची, हिंदुरावची, अडचण निराळीच. तो पिंपरीच्या कारखान्यात होता. ती डबा घेऊन गेली की परजिल्ह्यातले नवे गडी आधी तिचं नाक बघायचे, मग त्याचे हात. बैलाची हकीकत सांगून सांगून त्याचं तोंड दुखलं, पण ती कुणाला पटेना. संशयावरून नवऱ्यानं कापलं, हीच गोष्ट लोकांना पटायची, आणि आवडायचीही. आता लग्नात व्याह्यांकडची मंडळीही तोच हिशेब मांडणार. म्हणून नाक सरळ हवं होतं. अब्रू त्याची सावरायची, टेबलावर निजायचं गोजाबाईनं.

"अगं, उद्या डाक्टर कापनारच हाय," सुभद्राबाई म्हणाल्या. "आत्ता भोक पाडून काय उपेग?"

"म्हनूनच पाडतीया."

सुभद्राबाईंचा चेहरा उतरला. त्यांना उमगलं. नाकातलं सोनं एकदा चढलं की नवरा जिता असेपर्यंत सवाष्णीनं ते उतरवायचं नाही, हा नियम घरात त्यांनीच कडक पाळलेला. बाळंतपणात, तापात, कधी कुणाला सूट दिली नव्हती. आणि दवाखान्यात टेबलावर घेण्याआधी पहिलं सोनं उतरवतात.

सोनार धोरणी माणूस. दोन्ही बायका गिऱ्हाईकच. त्यानं हळूच सुचवलं, की नाक सरळ झाल्यावर नथ शोभून दिसेल, आत्ता घातली तर गालावर जाईल. गोजाबाई म्हणाली, जाऊ दे, गाल काही परका नाही, आणि लग्नात मी म्होरं उभी राहणार आहे, ज्याला बघायचं त्यानं जवळून बघावं.

"मालकांना इचारलंय का?" सोनारानं शेवटचा प्रयत्न केला.

"बैलानं कुनालाच इचारलं न्हाई," गोजाबाई म्हणाली. "डाक्टरनं मला इचारलं. घरात कुनी ते ऐकलं न्हाई, म्हनून तुमच्याकडं आले. टोचा."

लक्ष्मणरावांनी काडीनं ठिपका दिला, एकदा पुसला, जरा वर घेतला, आणि सोन्याची तार आरपार घातली. कपाळावरून आलेल्या त्या कातड्याला अजून जाण कमी होती. गोजाबाईची पापणीसुद्धा हलली नाही. सुभद्राबाईंनी मात्र डोळे गच्च मिटले, आणि उघडले तेव्हा ते भरून आले होते.

टोचल्यावर रडणाऱ्या पोरींसाठी सोनार डबीत गूळ ठेवायचा. हाताच्या सवयीनं त्यानं एक खडा पुढं केला. गोजाबाईनं तो घेतला आणि सासूच्या तळहातावर ठेवला.

"घ्या आत्याबाई," ती म्हणाली. "तुमास्नीच लई लागलं."