शांत पिल्लू

केळीच्या निळ्या क्रेटमध्ये पिल्लं पाच होती. तीन तांबूस, दोन राखी. चार पिल्लं एकमेकांच्या अंगावर चढून ओरडत होती. पाचवं, छातीवर पांढरा ठिपका असलेलं राखी, कोपऱ्यात डोकं टेकून पडलं होतं. तळाचा कागद ओला होता. ताटलीतल्या दूध-भाकरीवर साय धरली होती. कुणी तोंड लावलेलं नव्हतं.

"हे शांत हाय." धम्मप्रियाच्या बाबांनी, ग्यानोबांनी, पाचव्याला उचललं. "धम्मप्रिया, हेच घेऊ. उगं कुणाला चावायचं न्हाई."

मुदखेडच्या शेतातली मोटारीची केबल दुसऱ्यांदा चोरीला गेली, तेव्हापासून बाबांनी पिटबुलचा हट्ट धरला होता. पुण्यातला भाव ऐकून ते आठवडाभर गप्प बसले, आणि मग लोह्याजवळ आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, पिल्लं विकणारा हा निवृत्ती सापडला. स्वस्त मिळतंय म्हणून कसलंही पिल्लू आणायचं नाही, हे धम्मप्रियाचं ठरलेलं होतं. जीवशास्त्र शिकलेली पोरगी. फोनवरच तिनं निवृत्तीला सगळं खोदून विचारलं होतं.

"इचारा ताई, अजून काय ऱ्हायलं असंल तर," निवृत्ती म्हणाला.

"लस कुठली दिली, जंताचं औषध कधी दिलं," ग्यानोबा हसले. "हिनं नवरा बघतानासुदीक एवढं इचारलं न्हाई."

"नवऱ्याला कुठं लस द्यावी लागती," निवृत्तीची बायको पंचफुला चुलीपासून म्हणाली. "तिथंच तर फसतो आपण."

धम्मप्रियाही हसली. मग तिनं विचारलं, "यांची आई कुठंय?"

"हाय की. पलीकडं, हणमंतरावाच्या आखाड्यावर बांधली."

"एवढ्या लांब का?"

निवृत्ती गोंधळला. "तुम्हीच म्हणलात न्हवं का? दूध सुटल्याबिगर पिल्लू नेणार न्हाई म्हणून. त्याच दिशी तोडलं. तिच्या थानाला कडू लिंबाचा पाला वाटून लावला, वासराचं तोडताना लावतो तसा. दोन दिस लई केकाटली. आता सुटलं."

त्यानं हे दिलेला शब्द पाळलेल्या माणसासारखं सांगितलं.

धम्मप्रिया क्रेटवर वाकली. तिनं विचारलं, "कधी व्याली?"

"पोळ्याच्या राती," पंचफुला म्हणाली. "हे बैल मिरवून आले आन् हिचं सुरू झालं."

सर्वपित्री अजून चार दिवसांवर होती. म्हणजे चार आठवडेसुद्धा झाले नव्हते.

"बाबा, ते इकडं द्या."

पिल्लू तिच्या तळहातावर ओल्या फडक्यासारखं लोंबलं. तिनं ओठ वर करून बघितला. हिरड्या पांढुरक्या होत्या. पर्समधून थर्मामीटर काढून तिनं शेपटीखाली धरला.

"किती हाय?" ग्यानोबांनी विचारलं.

"छत्तीस पूर्णांक चार. अडतीसच्या वर पाहिजे."

"म्हंजे ताप न्हाई," निवृत्ती म्हणाला.

"ताप नाही, दादा. थंड पडलंय."

निवृत्तीनं जनावरांच्या डॉक्टरला फोन लावला. डॉक्टर उदगीरला गेले होते. ऊब द्या, आईजवळ सोडा, एवढं सांगून त्यांनी फोन ठेवला. ग्यानोबांनी शर्टाची वरची बटणं सोडली आणि पिल्लू बनियनच्या आत, छातीशी धरलं. निवृत्ती धावतच कुत्रीला आणायला गेला.

दोरीला हिसडे देत ती आली. थानं टणक होऊन लाल झाली होती, त्यांवर हिरवा लेप वाळला होता. पंचफुलानं कोमट पाण्यात फडकं बुडवून ती हळूहळू पुसली. कुत्री थरथरली, पण दात दाखवले नाहीत. चारही पिल्लं तिच्या पोटाशी लोटली. आधी तोंड लावून मागं सरली. पंचफुलानं पुन्हा पुसलं, तेव्हा एकेक चिकटलं.

ग्यानोबांनी पाचव्याला आत सरकवलं. धम्मप्रियानं त्याचं तोंड उघडून दुधाचा थेंब जिभेवर पिळला. थेंब ओठांतून खाली ओघळला. तिनं दुसरा पिळला. कुत्रीनं पिल्लू नाकानं उलथं केलं, चाटलं, परत सुलटं केलं.

"ताई, ते ऱ्हाऊ द्या," निवृत्ती हलक्या आवाजात म्हणाला. "हे तांबडं न्या. बघा कसं झोंबतंय. याच भावात देतो."

"या चौघांना अजून महिनाभर आईजवळ राहू द्या, दादा. मग मी येऊन नेईन एक."

"एक तुम्ही न्याल. बाकीच्यांचं काय? शनिवारी शिरूर अनंतपाळचं गिऱ्हाईक येतंय, दोन सांगितलेत त्यानं." त्यानं कुत्रीची दोरी सैल केली. "त्यानं कायबी इचारलं न्हाई."

ग्यानोबा कुत्रीजवळ उकिडवे बसले होते. शर्ट अजून उघडाच होता, बनियनवर राखी केस चिकटले होते.

"आता चाटून चाटून गरम केलं असंल तिनं," ते म्हणाले. "बघ की परत."

चुलीवरचा चहा उतू गेला, तरी पंचफुला उठली नाही. धम्मप्रियानं थर्मामीटर ओढणीच्या कोपऱ्यानं पुसला, पिल्लाची शेपटी वर केली आणि तो वाजेपर्यंत धरून ठेवला.

पस्तीस पूर्णांक सात.