पहिला खेळ

जुन्या सिनेमांच्या महोत्सवाचा पहिलाच खेळ रंगात आला होता, तेवढ्यात आयोजक मुलीला जळका वास आला. ती वरच्या प्रोजेक्टरच्या खोलीकडे धावली. आत प्रोजेक्टर चालवणारे तिचे वडील होते आणि भडकन पेट घेणारं जुनं रीळ. दार तापलं होतं. “बाबा!” “खिडकीची लोखंडी झडप पाडून आग अडवतोय,” ते खोकत ओरडले. “आधी माणसं बाहेर काढ. आगीचं नाव घेऊ नकोस, चेंगरतील.” ती दारापासून मागे फिरली. मंचावर जाऊन ती हसत म्हणाली, “रीळ तुटलंय, जरा बाहेर थांबा.” लोक कुरकुरत, रेंगाळत निघाले. एकेकाला ढकलावंसं वाटलं. शेवटची खुर्ची रिकामी होताच ती वर पळाली. रीळ जळून आग विझली होती; वडील पायरीवर बसलेले, तळहात भाजलेले, भुवया जळालेल्या. “आगीचा बंब बाहेरच उभा ठेवणार होतीस ना?” ती त्यांच्याजवळ पायरीवर बसली. “खर्चात बसला नाही, बाबा. मीच नको म्हटलं.”