पिंपातला उस्ताद

नव्वद साली मला एकच वेड होतं. एका जुन्या विलायती रॉक बँडची गिटार घरी जशीच्या तशी वाजवायची. हात बऱ्यापैकी बसला होता, पण त्यांचा तो घुमणारा आवाज काही येईना.

मानपाड्याला आमच्याकडे शुक्रवारी पाणी बंद, आणि फॅक्टरीला सुट्टीही शुक्रवारचीच. दुपारपर्यंत मोरीतलं निळं पिंप रिकामं व्हायचं. एकदा मी स्पीकर त्यात सोडला, पिंपाच्या तोंडाशी माइक बांधला आणि वाजवलेलं टेप केलं. ऐकलं तर हुबेहूब तोच आवाज.

"अहो, जमलं की," माझी बायको शालन म्हणाली.

फक्त एका जागी माझं बोट घसरलं होतं. पण पिंपातून घुमून परत आलेला सूर बरोबर होता.

पुढच्या शुक्रवारी मी मुद्दाम चार चुका केल्या. चारही दुरुस्त होऊन परत आल्या. खरं सांगतो, भीती नाही वाटली. घरबसल्या उस्ताद मिळाला म्हणून बरंच वाटलं.

महिन्याभरात मी अख्खं गाणं बिनचूक वाजवलं. शेवटचा सूर संपला तशी शालन मोरीच्या दारात येऊन म्हणाली, "झालं ना? दोघांचा चहा टाकते."

चहा पिता पिता आम्ही कॅसेट लावली. या वेळी पिंपाने काहीच बदललं नव्हतं. मी खूश होतो. शेवटी शालनचा आवाज आला, "दोघांचा चहा टाकते."

मग पिंपातून, तिच्याच आवाजात, "तिघांचा चहा टाकते."