काटा पडला तर खरं

"नाणं तुम्हीच उडवा, काका. मी बघणार नाही," असं सांगून वैष्णवी खरोखरच पाठ फिरवून बसली. "कुंपणात कधी करंट सोडलात का, एवढाच प्रश्न. सिंह वर आला, तर नुसतं हो म्हणा. काटा पडला, तर खरं सांगा. म्हणजे तुमच्या 'हो'चा अर्थ मला कळायचाच नाही."

यवतमाळच्या कॉलेजातली पोर. शेताच्या कुंपणात चोरून करंट सोडणारे किती, याचा सर्व्हे करत ती आर्णीकडची गावं पालथी घालत होती. या गावात सगळेच साधुसंत निघाले होते. रानडुकरं बहुधा लाजूनच मरत असावीत.

पुंडलिकरावांनी नाणं उडवलं. काटा पडला.

खरं सांगायचं तर गावातला उकंडा डोळ्यांपुढे येत होता. गेल्या हंगामात एका सकाळी तो शेताच्या बांधावर, धुऱ्यावर, त्यांच्याच तारेला चिकटून मेलेला त्यांना दिसला. आदल्या संध्याकाळपासून पुंडलिकराव तापाने फणफणले होते. विजेच्या लाइनवर आकडा कधी टाकला, तेही आठवत नव्हतं. पण रोज ते स्वतःच टाकत. त्यांनी आकडा काढला, तार गुंडाळून घरी आणली. लोक जमले तेव्हा धुऱ्यावर फक्त शेजारच्या धरमसिंगची तार उरली होती. पोलिसांनी त्याला नेलं. तो अजून आतच आहे.

तेव्हापासून पुंडलिकरावांना अन्न गोड लागत नव्हतं. "माह्या हातानं गेला तो," असं ते बायकोला कितीदा म्हणाले असतील. दर वेळी मैनाबाई उठून चुलीकडे जात. आपल्यापायी तिचाही जीव जळतो, याचं त्यांना फार वाईट वाटे.

एका शब्दाचं तर काम होतं. इथे तोंडातून निघालं, तर उद्या ठाण्यातही निघेल.

"नाही," ते म्हणाले.

वैष्णवीने मोबाइलवर टिचकी मारली. पुंडलिकरावांना स्वतःचीच लाज वाटली.

"काकू, आता तुम्ही."

मैनाबाईंनी नाणं उडवून पदरात झेललं आणि बराच वेळ त्याच्याकडे बघत राहिल्या.

"हो," त्या म्हणाल्या.

वैष्णवीने तेही नोंदवलं, चहा घेतला आणि गाडीला किक मारून गेली. पुंडलिकराव दारातच उभे राहिले. त्या पोरीने इतकी आडोशाची सोय करून दिली, तरी आपली जीभ वळली नाही, हे काही केल्या मनातून जाईना.

"तुले सिंह पडला, तू सुटली," ते बायकोला म्हणाले. "म्या मात्र खोटं बोललो. आता बस झालं. उद्या ठाण्यात जातो. धरमसिंग कायले भोगून राह्यला माह्यापायी?"

मैनाबाई या वेळी चुलीकडे गेल्या नाहीत.

"तुमी कायले जाता?" त्या म्हणाल्या. "मले काटाच पडलता. त्या सांजी तुमी खाटेवरून उठलेच नाही. आकडा म्या टाकलता."