तांडेल मॅडमची तहान

बस इथं, तुला तांडेल मॅडमच्या तहानेची गोष्ट सांगतो. तेव्हा सरकारनं कायदाच केला होता. पाणी खात्यात जो इंजिनियर होईल, त्याच्या गळ्यात चिप बसायची, आणि गावाला लागलेली तहान त्यालाही लागायची.

तांडेल मॅडम अशाच एक इंजिनियर. त्यांच्याकडच्या उंबरखोडी गावाला नळ आले. गाव पोटभर प्यालं, तरी मॅडमच्या घशाची कोरड काही जाईना.

सरपंच हसला. "मॅडम, तुमचं यंत्रच बिघडलंय. इथं आता कोण तहानलेलं नाय."

"त्या टेकडीवर धूर दिसतोय, तो कुणाचा?"

"तो व्हय? ठमाबाईचं खोपट. ते आम्ही गावात धरत नाय."

मॅडम तशाच टेकडी चढल्या. दारात पाहुणी आली म्हणून ठमाबाईनं रीतीप्रमाणं भरला तांब्या पुढं केला. मॅडमनी तो गटागटा रिकामा केला, आणि घसा आणखीनच सुकला.

"बाय, घरात अजून पाणी आहे?"

"नाय गं. उद्या जाईन झऱ्यावर. पाहुणीला नाय कसं म्हणायचं?"

मॅडम ओशाळल्या. तिथंच दगडावर बसून त्यांनी सरपंचाला फोन लावला. "पाइप वर आणा. तोवर मी इथून हलत नाही."

आणावाच लागला पाइप. नळाचं पहिलं पाणी ठमाबाई प्याली, आणि दगडावर बसल्या बसल्या मॅडमचा घसा ओला झाला.

म्हणून सांगतो, असला कोरड्या घशाचा साहेब तुझ्या दारी आला, तर तेवढी रीत मोड बाबा. तांब्या मागनं दे. आधी त्याला तुझा कोरडा नळ दाखव.